जवाईबापूंच्या व्हॅनची तेलगळती

माझ्या व्हॅनखाली तेलाचा डाग पडला आहे हे आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना माझ्या आधी कळलं होतं. मला सांगितलं ते शेजारच्या शालीकरामजींनी, तेही मी दात घासत असताना. तोंडात फेस असला की माणसाला उलट उत्तर देता येत नाही, हे ते जाणून आहेत.

"सर, तुमची गाडी मुतून राहिली," ते म्हणाले.

शालीकरामजी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि शेतीकडे वळले, असं ते सांगतात. खरं म्हणजे शेती त्यांच्या बायकोनं, निर्मलाबाईंनी, कधी सोडलीच नव्हती. शालीकरामजी फक्त धान घरी आलं की त्याच्याजवळ खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्यावर लक्ष ठेवतात. त्यामुळे त्यांनी सांगितलेली बातमी खोटी असण्याचा संभव नव्हता. मी चूळ भरून बाहेर गेलो. व्हॅनखाली बशीएवढा काळा डाग होता. मी बोट लावून वास घेतला, कारण अशा वेळी जाणती माणसं वास घेतात. वासावरून मला इतकंच कळलं की ते तेल आहे.

एरवी मी एवढा हादरलो नसतो, पण मंडई तोंडावर आली होती. बाहेरच्या माणसाला मंडई म्हटलं की भाजी आठवते. आमच्या गोंदियाकडे भाऊबीज झाली की गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी दंडार, म्हणजे बायकांची कामंही पुरुषच करतात ते आमच्याकडचं लोकनाट्य, नाचते, शिंगाडे आणि जिलेबी विकायला येतात, लेकी माहेरी येतात, लग्नं जुळतात आणि जुळलेल्या लग्नांतले जावई पुन्हा एकदा तपासले जातात. या तपासणीत पहिला प्रश्न हा असतो की जावई कशावर बसून आला. मी दरवर्षी सासुरवाडीला, खैरटोल्याला, फाट्यापर्यंत एसटीनं आणि तिथून माझा साळा उदेभान याच्या मोटरसायकलवर मागे बसून जातो, मांडीवर फरसाणाची पिशवी घेऊन. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, हे त्या पिशवीमागून कुणाला दिसत नाही.

यंदा मात्र व्हॅन होती. आधी ती शाळेच्या पोरांना नेत-आणत असे. मी तिला पांढरा रंग दिला, तरी ऊन तिरपं पडलं की पिवळा रंग आणि 'विद्यार्थी वाहतूक' ही अक्षरं खालून वर येतात. पण ती घ्यायचं कारण मोठेपणा नव्हतं, किंवा फक्त मोठेपणा नव्हतं. माझ्या सासूबाई, देवकाबाई, यांचे गुडघे धरले आहेत. घरापासून हाकेच्या अंतरावर मंडई भरते आणि त्या खाटेवर पडून ढोलकी ऐकतात. यंदा राधा कोण झाला, बरा नाचतो का, असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारतात. अंजनानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आईला शब्द दिला होता की या खेपेला व्हॅनचं सरकतं दार उघडून तुला दंडारीच्या पुढ्यात बसवते. उदेभाननं नवी गाडी घेतली होती, पण ती इतकी उंच की तिच्यात चढायला चांगल्या गुडघ्याचा माणूसही देवाचं नाव घेतो. सासूबाईंना तिच्यात चढवायचा एक प्रयत्न झाला होता. तेव्हा त्या इतक्या ओरडल्या की गल्लीतली माणसं काय झालं म्हणून धावली. आमच्या व्हॅनची पायरी मात्र पाटाएवढी. बसलं की झालं.

अंजनानं डाग पाहिला आणि विचारलं, "मायले सांगून ठेवलं आहे जी. होईल ना?"

मी म्हटलं, "इंजिन म्हणजे काय, भौतिकशास्त्रच आहे."

हे वाक्य मी का बोललो याचा विचार मी पुढे अनेकदा केला.

मिस्त्रीकडे आधी गेलोच होतो. पण धान निघायच्या दिवसांत आमच्याकडचे सगळे मिस्त्री मळणीयंत्रांच्या पोटात असतात. आमच्या आमगावात ज्याला म्हणून पाना धरता येतो तो प्रत्येक जण कुणाच्या तरी शेतात होता. एक जण फोनवर सापडला. तो म्हणाला, "सर, धान निघू द्या, मग माणसाच्या गाड्या पाहू." तेवढ्यात उदेभानचाही फोन आला. "भाऊजी, नाई जमलं तर सांगजा, मी माही गाडी पाठवतो." त्याचा हेतू चांगला असेल. पण 'नाई जमलं तर' हे शब्द माझ्या छातीत रुतून बसले. मी त्याला म्हटलं, आम्ही आमच्या गाडीनं येऊ, आणि फोन ठेवून पान्यांचा संच विकत आणला.

इंटरनेटवर एक गृहस्थ व्हॅनची तेलगळती शोधून दाखवतात. त्यांचे कपडे शेवटपर्यंत स्वच्छ राहतात, इथेच मला संशय यायला हवा होता. ते म्हणाले, आधी तेलाची पातळी पाहा. व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली असतं. सीट उचलली, डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची सळई, बाहेर काढली. टोकाला तेल जेमतेम लागलेलं. गळून गळून इंजिन कोरडं पडलं, हे उघडच होतं. मी डबा आणून तेल ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सळई काढली, पुन्हा तेच. पुन्हा ओतलं.

व्हॅन कुठे उभी होती तेही सांगतो. आमच्या घरासमोर नवा सिमेंटचा रस्ता झाला आहे. तो वाहनांसाठी आहे असा सरकारचा समज आहे. मोहल्ल्याच्या मते तो धान वाळवण्यासाठी आहे, आणि खरंच, इतकी सपाट, तापणारी जागा कुठल्याही खळ्यावर मिळायची नाही. डाग दिसला त्याच दिवशी शालीकरामजींचं धान रस्ताभर पसरलं, त्यामुळे तेव्हापासून माझी व्हॅन कडेला, नालीच्या उतारावर, एका बाजूनं कलून उभी असे. धानाला कोण हलवणार? आमच्याकडे ॲम्ब्युलन्ससुद्धा धान पसरलेलं दिसलं की वळसा घालून जाते.

तेल ओतल्यापासून गळती वाढली. आधी खाली एक डाग होता, आता गाडी थोडी चालू केली की इंजिनाच्या सगळ्या सांध्यांतून तेल पाझरू लागलं आणि मागून निळा धूर येऊ लागला. मला वाटलं, रोग बळावला. मी औषधाचा डोस वाढवला.

मोहल्ल्यानंही मला एकटं सोडलं नाही. किराणावाले छोटेलाल दुकान पोराच्या हवाली करून आले, सीटखाली बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सरजी, ये तो पॅकिंग गई है. पर पहले बोल्ट कस लो. आधी बीमारी तो ढीले बोल्ट की होती है." त्यांच्याकडे स्कूटर आहे. मी बोल्ट कसले. शालीकरामजींनी हे पाहिलं आणि मी कॉलेजात गेल्यावर त्यांनीही कसले, कारण मास्तरच्या मनगटात जोर नसतो असं त्यांचं मत. छोटेलालांनी संध्याकाळी घरी जाताना खालच्या चेंबरच्या, म्हणजे तेलाच्या टाकीच्या, बोल्टला आणखी एक आटा दिला. पुढे तर त्या रस्त्यानं जाणारा प्रत्येक पुरुष पाना मागायचा, तो खालचा बोल्ट एकदा पिळायचा आणि समाधानानं पुढे जायचा. माझ्या लग्नातसुद्धा इतक्या लोकांनी इतक्या आपुलकीनं हातभार लावला नव्हता.

तेही कमी पडलं म्हणून मी शास्त्रीय पद्धतीकडे वळलो. ते स्वच्छ कपड्यांचे गृहस्थ म्हणाले होते की इंजिन धुऊन पुसून त्यावर पावडर भुरभुरावी आणि गाडी चालू करावी. जिथे पावडर ओली होईल तिथे गळती. पद्धत बिनतोड होती. पण घरातली पावडर अंजनानं दिली नाही. ती मंडईला जाताना लावायची होती आणि इंजिनाला सुवास यावा अशी तिची इच्छा नव्हती. निर्मलाबाई कुंपणापलीकडून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "पावडर कायले पाह्यजे? तांदळाचा पीठ घेऊन जा ना सर." आणि त्यांनी सूपभर पीठ दिलं. आमच्या जिल्ह्यात कुठल्याही प्रश्नावर शेवटी तांदूळच काढतात.

पीठ भुरभुरलं. सीट खाली केली, वर बसलो आणि गाडी चालू केली. इंजिन तापलं, तेल सगळीकडून सुटलं आणि पीठ त्यात भिजून जागच्या जागी तळलं जाऊ लागलं. आधी चिल्यांचा, म्हणजे धिरड्यांचा, वास आला, मग अनारशांचा. मोहल्ल्यातली माणसं बाहेर येऊन माझ्या घराकडे पाहू लागली. शालीकरामजी खुर्चीवरून म्हणाले, "सर, गाडीत का शिजवून राहिले?" मी सीट उचलली तर इंजिनावर खरपूस पापुद्रा धरला होता आणि गळती कुठली आहे याचं उत्तर मिळालं होतं. ती सगळीकडची होती. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग चाकावरून चढून स्टिअरिंगपर्यंत पोचली, आणि तिसऱ्या दिवशी एका बकरीला मी सीटखालून मान धरून बाहेर काढलं.

मग तेलाचा ओघळ शालीकरामजींच्या धानाच्या कडेला लागला, आणि शेजारधर्म संपला.

"सर, तुमचा इंजिन माह्या धानावर ओकून राहिला," ते म्हणाले. या वेळी मी दात घासत नव्हतो. मीही म्हटलं, धान रस्त्यावरून काढा, गाडी सपाटीवर घेतो. ते म्हणाले, "वाळल्याबिगर कसा काढू?" आणि कुणीतरी, कुणी ते मी विचारलं नाही, तक्रार केली. नगरपरिषदेचे एक साहेब मोटरसायकलवरून आले. त्यांनीही धानाला वळसा घातला.

साहेबांनी डाग पाहिला, पायानं पुसून पाहिला, मग बूट पुसला. "गळती कशाची आहे?"

"तेलाची."

"तेलाची आमच्याकडे येत नाही," ते हळहळून म्हणाले. "पाण्याची असती तर आत्ताच करून टाकली असती."

मी म्हटलं, मग तक्रार निकालात निघाली म्हणायचं. ते म्हणाले, तसं नाही, सार्वजनिक रस्त्यावर नादुरुस्त वाहन ठेवता येत नाही, ते ताबडतोब हलवा. मी म्हटलं, समोर धान आहे. ते म्हणाले, धान हलवायला सांगायचा अधिकार त्यांना आहे, पण या दिवसांत तो वापरत नाहीत. मग वाहन हलवायचं कसं, असं मी विचारलं. साहेबांनी विचार केला आणि वाहन दुरुस्त आहे असं मी लिहून दिलं तर ते इथेच राहू शकेल, असा मार्ग काढला. ते वाक्य लिहून देताना माझा हात तेलानं माखलेला होता, म्हणून सहीच्या जागी आपोआप अंगठाही उठला. एम. एस्सी. असून.

त्या संध्याकाळी अंजना फोनवर आईशी बोलत होती. मी हात धूत होतो. तेल जात नव्हतं, म्हणून सगळं ऐकू आलं. बराच वेळ ती नुसती हूं हूं करत होती. मग फोन ठेवून म्हणाली, "माय म्हणते, राहू दे. जवाईबापूंना त्रास नोको देऊ. मी आपली खाटेवरून ऐकतो, सवय आहे."

अंजना पुढे म्हणाली, "नवी साडी काढून ठेवली होती तिनं. ती पेटीत घालून दिली म्हणे." ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती रागावली नव्हती. तिनं माझ्यापुढे कपडे धुवायचा साबण सरकवला आणि आत गेली. मला फार लाज वाटली. इतके दिवस मी उदेभानला काय तोंड दाखवायचं याचा विचार करत होतो, आणि तिकडे एक म्हातारी साडीची घडी घालून पेटीत ठेवत होती.

मंडईच्या आदल्या दिवशी शालीकरामजींचं धान वाळलं. पोती भरली, रस्ता झाडला. पोती न्यायला त्यांचा ट्रॅक्टर आला आणि धान पसरण्याआधी जिथे माझी व्हॅन उभी असायची नेमका तिथेच थोडा वेळ उभा राहिला. मी व्हॅन ढकलून सपाट रस्त्यावर घेतली आणि सवयीनं सळई काढली. सळई टोकापासून मुठीपर्यंत तेलानं माखलेली होती.

मी ती पुसून पुन्हा घातली. पुन्हा तेच. मग मी रस्त्यावर बसलो. कललेल्या भांड्यात द्रव एका बाजूला जातो, हे मी दर वर्षी जुलै महिन्यात शिकवतो. फळ्यावर आकृती काढतो. ज्यांना समजत नाही त्यांना उभं करतो. उतारावर तेल सळईपासून पलीकडे जात होतं, मी इंजिन रिकामं समजून ओतत होतो, आणि गळ्यापर्यंत भरलेलं इंजिन जिथून जमेल तिथून बाहेर टाकत होतं. ते बिचारं गळत नव्हतं, मी पाजत होतो म्हणून ओकत होतं.

तेवढ्यात ट्रॅक्टर पुढे सरकला. त्याच्या जागी रस्त्यावर बशीएवढा काळा डाग होता, पहिल्या दिवशी मला दाखवला होता तसाच. मी शालीकरामजींकडे पाहिलं. शालीकरामजी आकाशाकडे पाहू लागले.

म्हणजे पहिला डागही धान घेऊन आलेल्या याच ट्रॅक्टरचा होता, गाडीला काही झालेलंच नव्हतं. आता फक्त जास्तीचं तेल काढायचं होतं, की उद्या सासूबाई दंडारीपुढे. मी आनंदानं व्हॅनखाली शिरलो आणि चेंबरच्या बोल्टला पाना लावला. सगळ्या मोहल्ल्यानं मिळून पिळलेला तो बोल्ट आधी हलेना. मग एकदम सुटला आणि येताना आपले सगळे आटे सोबत घेऊन आला. जास्तीचं तेल गेलं. मग कमीचंही गेलं. मी बोल्ट परत लावू पाहिला तर तो नुसताच गरगर फिरायचा. छोटेलाल वाकून म्हणाले, "सरजी, चूडी मर गई." त्यांनी स्कूटरच्या अनुभवावरून सांगितलेलं हे पहिलंच खरं निदान. चेंबरमध्ये तेल राहणार नाही आणि तेलाशिवाय इंजिन चालवलं तर ते जागच्या जागी मरेल, एवढं मलाही कळत होतं.

अंजना दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. "चाकं तर चांगली आहेत ना?" तिनं विचारलं.

"चाकं चांगली आहेत."

"अन् दार?"

दारही चांगलं होतं. अंजना चप्पल घालून सरळ निर्मलाबाईंकडे गेली. त्या दोघींत काय बोलणं झालं मला माहीत नाही, पण सकाळी शालीकरामजी ट्रॅक्टर आणि दोरखंड घेऊन हजर झाले. ते माझ्याशी बोलले नाहीत. मीही डागाबद्दल बोललो नाही. दोन सुशिक्षित माणसांमध्ये असा समझोता होऊ शकतो.

अशा रीतीनं मी स्वतःच्या गाडीनं सासुरवाडीला निघालो. स्टिअरिंग धरून, सरळ समोर पाहत. खैरटोल्याच्या फाट्यापर्यंत ठीक चाललं. पण पुढे मंडईची गर्दी, दोन्ही बाजूंना दुकानं, ट्रॅक्टर आत शिरेना. उदेभान पुढे आला. त्यानं दोरखंड पाहिला, व्हॅन पाहिली, मला पाहिलं. मी काच वर केली. तो घरी गेला आणि बैलजोडी घेऊन आला.

बैल जुंपलेली व्हॅन मंडईत शिरली तेव्हा लोकांनी वाट करून दिली, कारण त्यांना वाटलं हे दंडारीचंच सोंग आहे. पोरं मागे धावू लागली. ऊन तिरपं होतं, त्यामुळे 'विद्यार्थी वाहतूक' छान वाचता येत होतं. माइकवरच्या माणसानं मला ओळखलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगितलं, "आपल्या गावचे जवाई, प्राध्यापक साहेब, स्वतःच्या गाडीनं आले आहेत." टाळ्या वाजल्या. माझी तपासणी एका फेरीत पूर्ण झाली. मी दोन्ही हात स्टिअरिंगवरून न काढता मानेनं नमस्कार केला.

घरासमोर बैल थांबले. अंजना आणि उदेभाननं दोन्हीकडून धरून देवकाबाईंना बाहेर आणलं. अंगावर नवी साडी होती, घडीच्या रेघा तशाच. त्या व्हॅनच्या पायरीवर टेकल्या, मागे सरकल्या आणि बसल्या. ओरडल्या नाहीत. बैलांनी व्हॅन दंडारीच्या पुढ्यात नेली. मी दार पूर्ण सरकवलं. समोर ढोलकी घुमत होती आणि राधेचं काम करणारा पोरगा पदर सावरत गिरक्या घेत होता. देवकाबाई दाराची कड धरून पुढे वाकल्या.

"शालीकचा नातू आहे का तो?" त्यांनी अंजनाला विचारलं. हा शालीक गावातला, आमचे शालीकरामजी नव्हेत. अंजना हो म्हणाली. "आज्यासारखाच नाचते," म्हातारी म्हणाली. अंजनानं आणलेला शिंगाडा हातात तसाच राहिला. मी ड्रायव्हरच्या सीटवरून आरशात पाहिलं. अंजना दंडार पाहत नव्हती, आईकडे पाहत होती. मलाही भरून आलं, ते मी लपवलं नाही, कारण माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

दंडारीनं थोडा विसावा घेतला तेव्हा म्हातारीनं माझ्या सीटच्या पाठीवर हात ठेवला.

"जवाईबापू, उदेभानच्या गाडीत लय गुरगुर होते. धूर मारते, वास मारते. तुमची कशी गुपचूप आली."

उदेभान बैलांची मान खाजवत उभा होता. त्यानं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "माय, थोडी दुरुस्तीला आली आहे. या मंडईनंतर करून घेतो."

"नोका करू," देवकाबाई म्हणाल्या. "पुढल्या सालीबी अशीच आनजा."